हिशोब ठेवणारे खेळ

गेल्या दिवाळीत दादाचा मुलगा पुण्यात आला होता. (दादा म्हणजे माझा मावसभाऊ. २००३ साली एम.एस. करायला अमेरिकेत गेला तो तिथलाच झाला.) पोरगा आता कॉलेजात आहे, मराठी छान बोलतो, फक्त 'ळ'पाशी अडखळतो, आणि वेळ मिळेल तेव्हा बॉल्डर्स गेट ३ खेळतो. फराळाची ताटली मांडीवर घेऊन त्याने मला विचारलं, "आत्या, बाबा म्हणतात तू पण आरपीजी खेळायचीस. तुझे ऑल टाइम फेव्हरिट कुठले?"

मी चकली मोडता मोडता आठवायला लागले, तोवर तोच पुढे म्हणाला, "बाबांचा पहिला बॉल्डर्स गेट कधी पूर्णच झाला नाही. शेवटाजवळ पोचले होते आणि कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आला. सगळे सेव्ह गेले. सो सॅड ना?"

"हो ना," मी म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा धड देता आलं नाही. आज देते. उत्तर जरा लांब आहे आणि त्यात इतिहास बराच आहे. व्हायरसचं शेवटी सांगते.

घरातल्या न खेळणाऱ्या मंडळींसाठी आधी थोडक्यात. आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, ज्यात आपण कुणाचं तरी सोंग घेतो. मारामारी असतेच, पण बोटांच्या चपळाईपेक्षा आपलं पात्र कोण आहे, काय शिकलंय, कुणाशी कसं वागलंय, याला जास्त किंमत असते. गोष्ट चाळीस-पन्नास तास चालते, कधी शंभरही. एका बैठकीत संपणं शक्य नाही, म्हणून जिथे थांबलो तिथली स्थिती साठवून ठेवायची. तो सेव्ह. ज्यांनी लहानपणी दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला केलाय आणि "हा बुरुजावरचा मावळा मी" म्हणून भांडण केलंय, त्यांना यातली गंमत वेगळी समजावून सांगायला नको.

पण नुसतं सोंग घेणं म्हणजे खेळ नव्हे. खेळाला नियम लागतात, आणि वागण्याला नियम लावायची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. आपल्या सापशिडीचा पूर्वज म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. पटावरच्या घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावं. कवड्या टाकायच्या, सद्गुणाच्या घरात पडलात तर शिडीने वर, दुर्गुणाच्या घरात पडलात तर सापाच्या तोंडात, आणि सगळ्यात वर मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला, तिथे त्यातली नीती हळूहळू गळाली आणि नुसते साप आणि शिड्या उरल्या. पश्चिम भारतातल्या या पटांवर कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसेन नावाच्या अभ्यासकाने २०१९ मध्ये पीएच.डी. केली. आपण विसरलो, डेन्मार्कवाल्यांनी वाचलं. असो.

मोक्षपटाची एकच अडचण आहे. त्यात आपण काहीच ठरवत नाही. लोभाच्या घरात आपण लोभामुळे जात नाही, कवड्या तशा पडल्या म्हणून जातो. हिशोब आहे, पण तो दैवाचा. आपण केलेल्या निवडीचा हिशोब ठेवणारा खेळ यायला बराच वेळ लागला.

तो आला १९७४ साली, अमेरिकेत. तिकडे टेबलावर लहान लहान सैनिक मांडून लढाया खेळायची जुनी हौस होती. त्यातल्या डेव्ह आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स या दोघांनी एक बदल केला. आख्खी पलटण चालवण्याऐवजी प्रत्येकाने एकच माणूस चालवायचा. तो माणूस जगला तर पुढच्या आठवड्यात तोच पुन्हा घेऊन यायचा, अनुभव गाठीशी बांधून. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. पहिली आवृत्ती फक्त हजार प्रतींची होती. यात फासे आहेत, पण फासा टाकण्याआधी "तू काय करणार?" हा प्रश्न आहे. मोक्षपटात नव्हता तो हाच.

हा खेळ कॉम्प्युटरवर यायला वर्षभरच लागलं. इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' नावाची शिक्षणासाठी बनवलेली संगणकप्रणाली होती. १९७५ मध्ये तिच्यावर एकाने भुयारात फिरायचा खेळ लिहिला आणि तो भलत्याच कामासाठी राखून ठेवलेल्या फाइलमध्ये ठेवला. म्हणून त्याचं नाव पडलं 'पी-एडिट ५'. व्यवस्थापकांच्या लक्षात आलं की ते पुसून टाकत, आणि खेळ पुन्हा उगवे. या जातीच्या खेळांच्या इतिहासात पुसण्याचा प्रसंग अगदी पहिल्या पानावर आहे, हे मला फार उशिरा कळलं.

१९८१ मध्ये 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' आले. हे दोन खेळ जपानमध्ये युजी होरी नावाच्या माणसाने पाहिले आणि १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' केला. पुढच्या वर्षी 'फायनल फँटसी' आला. तिथून जपानी आरपीजीची वेगळी शाखा फुटली.

आणि तेव्हा आपण पुण्यात काय खेळत होतो? काहीच नाही! १९९१ मध्ये याच पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक तयार केला, पण घराघरात पोचलेला पहिला 'कॉम्प्युटर' म्हणजे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. आमच्याकडे तो १९९५ च्या सुमारास आला. बाबांनी बुधवार पेठेत तापकीर गल्लीतून आणला. जपानी निन्टेन्डोची ती नक्कल होती हे आम्हाला कुठे माहीत? पिवळं कार्ट्रिज, वर छापलेलं '९९९९ गेम्स इन १', आत खरे खेळ दहा-बारा. मारिओ, काँट्रा, सर्कस, रणगाड्यांचा, आणि बदकं मारायचा. ड्रॅगन क्वेस्ट आणि फायनल फँटसी मूळ याच यंत्राचे खेळ, पण आमच्यापर्यंत ते आलेच नाहीत. एक तर ते जपानी किंवा इंग्रजी वाचून खेळायचे. आणि दुसरं म्हणजे बॅटरी. फायनल फँटसीच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकवायला एक चपटी बटण-बॅटरी असे. आमच्या स्वस्तातल्या कार्ट्रिजमध्ये कसली बॅटरी! टीव्ही बंद केला की सगळं शून्यावर. आमच्या पिढीने काँट्रा शेकडो वेळा पहिल्यापासून खेळला. जपून ठेवायची गोष्टच आम्हाला मिळाली नाही.

ती मिळाली दादाकडे, कोथरूडला. १९९९ मध्ये मावशीकडे कॉम्प्युटर आला. चार जीबीची हार्ड डिस्क, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, आणि खोलीत चप्पल घालून जायला बंदी. दादा इंजिनियरिंगला होता. एका मित्राकडून त्याने पाच सीड्यांचा एक गेम आणला. बॉल्डर्स गेट.

इथून माझी यादी सुरू होते. ती मी खेळले त्या क्रमाने आहे, गेम निघाले त्या क्रमाने नाही.

बॉल्डर्स गेट १९९८ च्या डिसेंबरात आला. कॅनडातल्या एडमंटन गावच्या बायोवेअर कंपनीने तो केला, आणि ती कंपनी काढणारे तिघं चक्क डॉक्टर होते. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम जसेच्या तसे आत, फासे पडद्याआड. आपल्याबरोबर पाच साथीदार घ्यायचे. त्यांची स्वतःची मतं असतात. गावात आपली 'रेप्युटेशन' नावाची पत असते, ती चांगल्या-वाईट कामांनी वर-खाली होते. फार सज्जन झालात की दुष्ट साथीदार कटकट करत सोडून जातात, फार दुष्ट झालात की सज्जन जातात.

दादा रात्री जेवणं झाल्यावर खेळायचा आणि मी शेजारी स्टुलावर. दोनशे पानी वहीत तो नकाशे काढायचा. कोण कुठे भेटलं, काय कबूल केलं, कुणाचे किती पैसे द्यायचे, सगळं तारखेनिशी. मावशीच्या सासूबाई, आमच्या सगळ्यांच्याच आजी, जपमाळ घेऊन दारात बसायच्या. साथीदारांत मिन्स्क नावाचा एक धिप्पाड वेडा योद्धा होता. तो बू नावाचा हॅम्स्टर जवळ बाळगतो आणि त्याचा सल्ला घेतो. आजींना तो भारी आवडला. "तो उंदीरवाला आहे ना अजून?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. एकदा लढाईत मिन्स्क मेला तेव्हा त्यांनी दादाला मागे जायला लावलं. "असा कसा मरेल? आधीचं काढ." दादाने आधीचा सेव्ह काढला. सेव्ह म्हणजे काय हे आजींना आमच्याआधी कळलं. बॉल्डर्स गेट ३ मध्ये, म्हणजे २०२३ मध्ये, मिन्स्क आणि बू पुन्हा आले. आजी २००८ मध्ये गेल्या.

दुसरा, 'क्रोनो ट्रिगर'. जपानी, १९९५ चा. मी कॉलेजात असताना एम्युलेटरवर खेळले. सुरुवातीला एक जत्रा असते. तिथे टेबलावर कुणाचा तरी डबा पडलेला असतो. खेळाच्या सवयीने आपण तो खातो, कारण खेळात दिसेल ते उचलायचंच असतं. पुढे आपल्यावर खटला भरतो, आणि कोर्टात तो म्हातारा साक्षीला येतो, की याने माझं जेवण खाल्लं. मी खुर्चीतच दचकले. कुणीतरी बघत होतं तर!

तिसरा, 'फॉलआउट', १९९७ चा. अणुयुद्धानंतरचं जग. भूमिगत वसाहतीतलं पाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडलंय, त्याचा सुटा भाग दीडशे दिवसांत आणायचा. खेळ संपल्यावर वाटेतल्या एकेका वस्तीचं चित्र येतं आणि तुमच्यामागे तिथे काय झालं ते सांगतात. एखादं गाव भरभराटीला आलं, एखादं नाहीसं झालं. आपण तिथे पाच मिनिटं थांबलो होतो आणि घाईत काहीतरी उत्तर दिलं होतं, एवढंच.

चौथा, १९८५ चा 'अल्टिमा ४'. हा मी फार उशिरा खेळले, तो फुकट मिळायला लागल्यावर. चित्रं बघून हसू येतं, पण माझ्या मते ह्या सगळ्या झाडाचं मूळ इथे आहे. रिचर्ड गॅरियटने आधीच्या तीन भागांत दुष्ट शत्रू आणि त्याचा वध असंच केलं होतं. इथे खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता अशा आठ गुणांत पूर्ण व्हायचं, हाच खेळ. जो पूर्ण होतो त्याला म्हणतात 'अवतार'. हो, आपलाच शब्द! खेळातल्या आपल्या रूपाला जगभर 'अवतार' म्हणायची पद्धत रुजली, त्यात या खेळाचा वाटा मोठा आहे.

गुणांचे आकडे पडद्यावर दिसत नाहीत, ते आत कुठेतरी चालू असतात. औषधी वनस्पती विकणारी दुकानदार आंधळी आहे. पैसे आपण मोजून द्यायचे. एक नाणं दिलं तरी ती घेते आणि आभार मानते. खेळ एक अक्षर बोलत नाही. कितीतरी तासांनंतर राजाच्या वाड्यातल्या द्रष्ट्याला विचारलं की तो सांगतो, प्रामाणिकपणात तुझं काही खरं नाही. हा मोक्षपटच आहे, फक्त कवड्या काढून घेतलेला. सापाच्या घरात आपण आपल्या पायांनी जातो.

पाचवा, १९९९ चा 'प्लेनस्केप: टॉरमेंट'. नायक शवागारात जागा होतो. नाव आठवत नाही, काहीच आठवत नाही. त्याला मरण नाही, आणि प्रत्येक मरणाबरोबर स्मृती जाते. त्याने असे कित्येक जन्म काढलेत आणि त्यातल्या काहींत भयंकर वागलाय. गोष्टभर अशी माणसं भेटत राहतात ज्यांचं आयुष्य त्याने नासवलं, आणि त्याला त्यातलं काही ठाऊक नसतं. विचारलाय तो प्रश्न असा, की माणूस मुळात बदलू शकतो का, आणि कशाने. पूर्वजन्म, संचित, भोग हे शब्द कानावर पडत वाढलेल्या मराठी माणसाला हा गेम जसा कळतो तसा तो अमेरिकन समीक्षकांना कळला असेल का, असं मला नेहमी वाटतं.

आणि सहावा, 'अंडरटेल', २०१५ चा. टोबी फॉक्स नावाच्या तरुणाने जवळजवळ एकट्याने केलेला. दिसायला आमच्या तापकीर गल्लीतल्या गेमसारखाच. यात सुरुवातीला एक मायाळू बाई भेटते, ती आपल्याला वाट सोडत नाही. मी तिला मारलं. दुसरा मार्ग आहे हे मला कळलंच नव्हतं. फार वाईट वाटलं, म्हणून गेम बंद केला, आधीचा सेव्ह उघडला, आणि या वेळी तिला न मारता पुढे गेले. पुढच्याच दालनात एक फूल भेटतं. ते हसून सांगतं, की तू काय केलंस ते मला माहीत आहे. तू तिला मारलंस, आणि मग वाईट वाटलं म्हणून मागे गेलीस.

आजींनी मिन्स्कला मागे जाऊन जिवंत केलं होतं, त्याची कुठेच नोंद नव्हती. या गेमने नोंद ठेवली होती. सेव्ह पुसला तरी.

मी त्या रात्री लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण आता सांगते.

२००० सालचा मे महिना. सुट्टीत मी मावशीकडे होते. मी चौदा वर्षांची. वर्गातल्या एका मुलीने क्रिकेटच्या गेमची सीडी दोन दिवसांसाठी दिली होती. दादा कॉलेजला गेला होता. इन्स्टॉल करायला गेले तर डिस्कवर जागा नाही. मग मी शोधून शोधून मोठी फोल्डरं पुसायला लागले. बॉल्डर्स गेटच्या आत 'सेव्ह' नावाचं एक होतं. सेव्ह म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ते नकळत पुसलं असं आजपर्यंत स्वतःला सांगत आले, पण ते खरं नाही. दादाने आदल्या रात्री मला स्टुलावरून उठवलं होतं, शेवटची लढाई आली की त्याला एकट्याला खेळायचंय म्हणून. मी ते फोल्डर बघितलं, थोडा वेळ थांबले, आणि पुसलं. रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला.

संध्याकाळी दादा आला. मी म्हटलं, काहीतरी विचित्र मेसेज आला होता, व्हायरस असेल. आदल्याच वर्षी, १९९९ च्या २६ एप्रिलला चेर्नोबिल व्हायरसने अनेकांचे कॉम्प्युटर बंद पाडले होते. त्यामुळे त्या काळात व्हायरस म्हटलं की सगळं खपायचं. दादाने माझ्यावर शंका घेतली नाही. उलट मीच रडायला लागले तर माझी समजूत घातली. मग त्याची परीक्षा आली, मग नोकरीची धावपळ, मग जीआरई. तो गेम त्याने पुन्हा लावला नाही. "उंदीरवाल्याचं काय झालं रे?" असं आजी विचारायच्या. "व्हायरसने नेला, आजी."

आणि पंचवीस वर्षांनी तीच गोष्ट त्याचा मुलगा मला सांगतोय, चकली खात. माझं खोटं बोलणं आता त्यांच्या घरातली आठवण झालंय.

तर पोरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. मला आवडलेले सगळे खेळ आपल्या वागण्याचा हिशोब ठेवणारे आहेत. ते का आवडतात हे मला दिवाळीपर्यंत कळलं नव्हतं. चित्रं, संगीत, लढाया यात यांच्याहून सरस कितीतरी आहेत. अगदी पुण्यातच, नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने 'राजी' नावाचा सुंदर गेम केला. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून वर्गणी मागितली ती पुरेशी जमली नाही, तरी नेटाने काम करून २०२० मध्ये तो आणला, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं. एक डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते, अशी गोष्ट. तो काटेकोर अर्थाने आरपीजी नाही म्हणून यादीत घेतला नाही. पण खेळताना भावाला हाका मारणारी ती पोरगी बघून माझा घसा दाटला, एवढं सांगते.

दादा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे, कारण शुद्धलेखनाच्या चुका कळवणारा तू एकटाच आहेस. तो व्हायरस नव्हता. मी होते. तेव्हा सांगायला हवं होतं. आजी होत्या तोवर तरी सांगायला हवं होतं.

तुझी दोनशे पानी वही माझ्याकडे आहे. मावशीने घर आवरताना रद्दीत काढली होती, ती मी उचलून आणली आणि याबद्दलही कुणाला बोलले नाही. शेवटची नोंद मेच्या ११ तारखेची आहे, आणि खाली तू लिहिलंयस, "उद्या शेवट." बॉल्डर्स गेटची सुधारलेली आवृत्ती २०१२ पासून मिळते, नव्या कॉम्प्युटरवर चालते. मी ती तुझ्या नावाने घेऊन ठेवली आहे. वही पोराबरोबर पाठवणार होते, पण तेव्हा धीर झाला नाही. आता कुरियर करते. रविवारी फोन कर, किंवा रागावला असशील तर करू नकोस, मीच करीन.